सगळीकडे बसणारा कनेक्टर

ज्या फॅक्टरीत सगळं नीट चालतं, तिथल्या माणसाकडे रिटायर झाल्यावर फंड असतो, भिंतीवरचं घड्याळ असतं आणि सांगण्यासारखं काही नसतं. आमचं उलटं झालं. फंड जेमतेम, घड्याळ मिळालंच नाही, आणि किस्से इतके साठले की घरातली माणसं आता पहिल्या वाक्यालाच उठून जातात. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही पाहुणे, चहा येईपर्यंत तरी तुम्हाला उठता येणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात आमची कंपनी होती. आम्ही कनेक्टर बनवायचो. दवाखान्यात नळ्या असतात ना, सलाइनची, ऑक्सिजनची, भुलीच्या मशीनची, त्या नळ्या जोडणारा प्लॅस्टिकचा तुकडा. अंगठ्याएवढा. तो सुटेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघतही नाही. सलाइनचा सुटला तर लादी ओली होते. भुलीच्या मशीनचा सुटला तर झोपवलेल्या माणसाचा श्वास छताकडे जातो, आणि लक्ष नसलं तर माणूसही त्याच्या मागोमाग. एवढं लक्षात ठेवा, मग बाकीचं खुशाल हसण्यावारी न्या.

मालक होते सबनीस साहेब. आधी ते कंगवे बनवायचे. कंगव्याचा दात तुटला तर कुणी मरत नाही, हा फरक त्यांच्या शेवटपर्यंत लक्षात आला नाही. साच्याचं काम परबकडे होतं, देवगडचा माणूस, तोंडाने फटकळ. माल तपासायला शैला कांबळे, कुर्ल्याहून यायची, बीएस्सी झालेली, आणि तोंडाने परबच्या वरताण. मी सावंत, घाटकोपरचा. माझं काम नर्सिंग होममध्ये जाऊन माल दाखवायचा आणि शिव्या खायच्या. दुसरं काम जास्त असायचं.

*

साहेब परदेशात प्रदर्शन बघायला गेले आणि तिथल्या एका स्टॉलवरून एक कनेक्टर खिशात घालून आले. मागितला की उचलला, ते आम्ही विचारलं नाही. परबला बोलावलं आणि नमुना त्याच्या हातावर ठेवला.

"असाच्या असा साचा बनव."

परब म्हणाला, "साहेब, प्लॅस्टिक गार झालं की आक्रसतं. नमुन्याच्या मापाचा साचा केला तर पीस लहान येतील."

"तिकडे नाही आले लहान."

"तिकडे त्यांनी हिशोब धरला असेल."

"मग तो हिशोब ह्याच्यात आलाच ना? आपण ह्याचीच कॉपी करतोय."

साचा झाला, पीस लहान आले. कनेक्टर मशीनच्या तोंडात जायचा आणि सशाने बिळातून डोकावावं तसा परत बाहेर यायचा. परबने एक पीस नळीत घातला, झटकला, आणि म्हणाला, "बसता, पण रवणा नाय." म्हणजे बसतो, पण टिकत नाही.

मग साहेबांनी दुसरा साचा करायला सांगितलं. परबचं डोकं फिरलेलं. त्याने माप न घेता नुसत्या अंदाजाने, रागारागाने साचा वाढवला. आता पीस इतके मोठे आले की बसवायला हातोडी लागावी. परबचंही माप किती पक्कं होतं, ते कळलं.

तुम्हाला वाटेल, दोन्ही साचे भंगारात गेले. छे. साहेबांनी दोन्ही चालू ठेवले. सैल होता त्याचं नाव 'युनिव्हर्सल' आणि घट्ट होता त्याचं नाव 'युनिव्हर्सल सुपर'.

*

माल तपासायला मोजमापाचं स्टीलचं गेज लागतं. शैलाने ते आल्या आल्या मागितलं. साहेब म्हणाले, "गेज कशाला? ओरिजिनल नमुना आहे ना आपल्याकडे. तो ज्याच्यात बसेल तो पास."

म्हणून शैला रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एक परदेशी नमुना आमच्या एकेका पीसच्या तोंडात घालायची आणि काढायची. लहान आलेल्या युनिव्हर्सलच्या तोंडात तो जातच नसे. तिच्या टेबलाखालचं नापास मालाचं पिंप रोज भरायचं, आणि साहेब रोज त्या पिंपाकडे बघून तिच्याशी बोलणं टाळायचे.

काही महिन्यांनी पिंप हळूहळू रिकामं राहायला लागलं. मग एके दिवशी पिंपात एकही पीस नाही. साहेबांनी पेढे मागवले. गाळ्यातल्या सगळ्यांना स्वतःच्या हाताने दिले. "बघा, शेवटी क्वालिटी आली."

शैलाने पेढा घेतला नाही. "साहेब, पीस आहेत तसेच आहेत. नमुना झिजलाय. रोज घालून काढून त्याचं टोक बारीक झालंय. आता तो कशातही जाईल."

साहेबांनी नमुना उजेडात धरून बघितला. कौतुकाने बघितला.

"झिजला म्हणजे अनुभवी झाला ना गं," ते म्हणाले, आणि तिच्या वाटचा पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

*

बोरिवलीला एक मॅटर्निटी होम होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई कडक. साहेब म्हणाले, "तू नको बोलूस, मी स्वतः डेमो देतो." मला बरंच वाटलं. डेमो म्हणजे काय, तर नळीच्या एका टोकाला आमचा कनेक्टर, त्याच्या पुढे बंद तोंडाची दुसरी नळी, आणि मागे ब्लडप्रेशरच्या मशीनचा रबरी फुगा. फुगा दाबत राहायचं. हवा कुठून सुटत नाही हे दाखवायचं.

साहेबांनी सुपर लावला होता, तळहाताने ठोकून. फुगा दाबायला लागले. बोलता बोलता दाबत होते, दाबता दाबता बोलत होते. "मॅडम, हा जॉइंट म्हणजे..." एवढ्यात फाट असा आवाज झाला आणि जॉइंट गेला. समोरच्या भिंतीवर बाईंच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. मॅटर्निटी होम त्यांनीच काढलेलं. कनेक्टर बरोबर त्यांच्या कपाळावर बसला. काच तडकली.

बाई फोटोकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हे पेशंटला लावायचंय की पेशंटवर सोडायचंय?"

आम्ही सामान गोळा करून जिना उतरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. रिक्षात बसल्यावर साहेब म्हणाले, "प्रेशर बघितलंस? एवढी हवा भरली, पण लीक अजिबात नव्हता."

*

आता डॉक्टर मंडळी काय शहाणी होती म्हणता?

मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यात डॉ. पळसुले नावाचे भूलतज्ज्ञ होते. त्या काळात छोट्या नर्सिंग होमला स्वतःचा भूलतज्ज्ञ नसायचा. सर्जन फोन करायचा आणि पळसुले स्कूटरवरून यायचे, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, दिवसभर. प्रत्येक ठिकाणचं मशीन वेगळं, प्रत्येक मशीनचं तोंड वेगळं. म्हणून ते स्वतःचे कनेक्टर एका चपट्या स्टीलच्या डब्यात घालून बरोबर न्यायचे. काचेचे, पितळेचे, रबराचे, कुठकुठून जमवलेले. बायकोच्या दागिन्यांना त्यांनी इतकं जपलं नसेल.

मी दर महिन्याला त्यांना युनिव्हर्सल दाखवायला जायचो. ते घ्यायचे, नळीत घालायचे, दोन बोटांनी हलकेच ओढायचे. तो निघून यायचा. मग ते तो माझ्या शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "या पुढच्या महिन्यात." शिवी कधी दिली नाही. दिली असती तर परवडलं असतं.

तर हे पळसुले. एकदा मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये मी हजर होतो. पेशंट टेबलावर, सर्जन हात धुऊन तयार. पळसुलेंनी डबा उघडला. आत भेंडीची भाजी आणि तीन पोळ्या. जेवणाचा आणि कनेक्टरचा, दोन्ही डबे घरी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवायचे, ही पळसुलेबाईंची पद्धत. त्या दिवशी अदलाबदल झाली.

पळसुलेंनी शांतपणे झाकण लावलं. मशीनपाशी आमचे चार युनिव्हर्सल पडले होते, त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाहेर येऊन पेशंटच्या नातेवाइकांना म्हणाले, "आत्ताची वेळ मला बरी वाटत नाही. तासाभराने घेऊ." आणि स्कूटरला किक मारून घरी गेले.

नातेवाईक भारावले. पेशंटचा मोठा भाऊ मला म्हणाला, "हल्ली मुहूर्त पाळणारे डॉक्टर राहिलेत कुठे?"

*

कनेक्टर निघतो, ही तक्रार रोजची. नर्सिंग होममधल्या सिस्टर त्याच्यावर चिकटपट्टी गुंडाळायच्या आणि वेळ निभावून न्यायच्या. मी साहेबांना हे सांगितलं. मला वाटलं, माणूस लाजेल. साहेब उलट खूश झाले. प्रत्येक खोक्यात चिकटपट्टीचं एक रीळ फुकट टाकायचं ठरलं.

"कस्टमरची गरज ओळखली पाहिजे," मला म्हणाले.

आणि ऑर्डरी वाढल्या हो! बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत. साहेबांनी परबला दोन पाळ्या लावायला सांगितल्या. मीही चक्रावलो. मग एके दुपारी घाटकोपरच्या एका नर्सिंग होममधून हेडसिस्टरचा फोन आला. मीच उचलला.

"सावंत, पट्टी फार छान आहे तुमची. उन्हाळ्यात पण सुटत नाही. अजून पाठवा."

मी म्हटलं, "सिस्टर, किती खोकी पाठवू?"

"खोकी नकोत. इथे ठेवायला जागा नाही. कनेक्टर तुमच्याकडेच असू देत, नुसती पट्टी पाठवा."

मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी कोण बनवतं रे आपल्याला? त्याचा पत्ता काढ."

*

हा पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगितल्याशिवाय त्यानंतरचा कळणार नाही.

साहेबांचं स्वप्न होतं की दवाखान्यातल्या प्रत्येक नळीला एकच कनेक्टर असावा. आपला. शैलाने पहिल्यापासून विरोध केला होता. "साहेब, काही गोष्टी एकमेकींत बसता कामा नयेत. बसल्याच नाहीत तर चूक होणार नाही." साहेब म्हणाले, "तू माल तपास."

अंधेरीतल्या एका छोट्या दवाखान्यात एक म्हातारी बाई होती. नाकात नळी, तीतून तिला दूध द्यायचे. हाताला सलाइन. दोन्ही नळ्यांच्या तोंडाला आमचा युनिव्हर्सल. नवीन सिस्टर, घाई, सहा खाटांवर एकटी. तिने दुधाची सिरिंज भरली आणि सलाइनच्या नळीला लावली. लागली. छान लागली. त्या दिवशी मात्र आमचा कनेक्टर अगदी घट्ट बसला.

खाटेपाशी म्हातारीची सून बसली होती. ती म्हणाली, "सिस्टर, दूध नाकातून देता ना? आज हातातून का?"

सिस्टरचा हात जागच्या जागी थांबला. एक थेंबही आत गेला नव्हता. दाब दिला असता तर म्हातारी गेली असती. मी पोहोचलो तेव्हा ती सिस्टर जिन्यात बसून रडत होती, आणि सून तिला पाणी देत होती.

मी तडक गाळ्यावर आलो. साहेबांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. शैला आणि परब तिथेच होते. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे दोन्हीकडे बसला?"

मी मान हलवली.

"मी म्हणत होतो ना," साहेब म्हणाले.

मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली. आजही आठवलं की येते. शैलाने अंगातला ॲप्रन काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली. दोन दिवसांनी परत आली, कारण घरी तिच्या एकटीच्या पगारावर चूल पेटायची. पण त्यानंतर ती साहेबांशी थेट बोलली नाही. "सावंत, साहेबांना सांग" असं म्हणायची, साहेब समोर बसलेले असताना.

*

ही बातमी पळसुलेंच्या कानावर गेली. त्यांनी गाजावाजा केला नाही. ज्या ज्या नर्सिंग होममध्ये भूल द्यायला जायचे, तिथे एवढंच सांगितलं की, "ह्यांचा माल असेल तर मला बोलावू नका." झालं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, सगळीकडून खोकी परत यायला लागली. गाळ्यात चालायला वाट राहिली नाही. परब गावी आंब्याची बाग बघायच्या गोष्टी करायला लागला. मी दुसरीकडे अर्ज टाकले, पण "आधी कुठे होता?" विचारलं की उत्तर देताना माझीच जीभ अडखळायची. शैलाचं तर घरच त्या पगारावर.

अशात साहेबांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. साहेब दुसऱ्या दिवशी गाळ्यात आले ते लग्नघरात आल्यासारखे. आम्हाला सगळ्यांना गोळा केलं.

"माझं ऑपरेशन आपल्याच कनेक्टरवर होणार. आणि भूल पळसुलेच देणार. मी सर्जनला तसं सांगितलंय, आणि पळसुले येतो म्हणालेत. सावंत, तू कॅमेरा घेऊन यायचं. माझ्या तोंडात नळी, नळीला आपला कनेक्टर, बाजूला पळसुले. हा फोटो ब्रोशरच्या पहिल्या पानावर. मग बघू कोण माल परत करतो ते."

आता हर्नियाला बहुतेक वेळा पाठीत सुई देतात. कमरेखालचं बधिर होतं, माणूस जागाच असतो, आपला आपण श्वास घेतो, घशात नळी घालावी लागत नाही. सर्जनने तेच सुचवलं होतं. साहेबांनी ठाम नकार दिला. नळीच नसेल तर फोटो कसला काढणार? पूर्ण झोपवा म्हणाले.

परब मला बाजूला घेऊन म्हणाला, "सावंता, काय पण म्हण. जीव पणाला लावतोय माणूस धंद्यासाठी." मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

साहेब शैलाच्या टेबलापाशी गेले. "एक चांगला पीस काढून दे. पास झालेला."

शैला माझ्याकडे बघून म्हणाली, "सावंत, साहेबांना सांग, पास मी करत नाही. पास ते करतात. त्यांनीच काढावा."

साहेबांनी खोक्यात हात घातला आणि हाताला लागला तो युनिव्हर्सल उचलून मला दिला. बघितलासुद्धा नाही.

ऑपरेशन मुलुंडला होतं. मी हिरवा डगला घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून कोपऱ्यात उभा. साहेब टेबलावर आडवे, डोक्याला टोपी, चेहऱ्यावर ब्रोशरचं हसू. पळसुले आले, मान हलवून नमस्कार केला. मी युनिव्हर्सल त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, आता दोन बोटांनी ओढतील आणि माझ्या खिशात घालतील.

त्यांनी तसं काहीच केलं नाही. त्यांनी घशात घालायची नळी घेतली, तिच्यात कनेक्टर बसवला, आणि ते दोन्ही साहेबांच्या हातात दिलं.

"साहेब, माल तुमचा आहे. जॉइंट एकदा तुम्हीच बघून घ्या. तुम्ही हो म्हणालात की झोपवतो."

साहेबांनी झोपल्या झोपल्या नळी डोळ्यांसमोर धरली. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपला पीस बघताना बघत होतो. दोन बोटांनी हलकेच ओढला. निघाला. त्यांनी परत बसवला, जरा जोर लावून. परत ओढला. निघाला. तिसऱ्यांदा पिळून बसवला, नीट बसलाय का म्हणून कडेने बोट फिरवलं, आणि ओढला.

सर्जन घड्याळाकडे बघत होता. सिस्टर छताच्या दिव्याकडे बघत होती.

मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. "साहेब, फोटो?"

साहेबांनी नळी पळसुलेंच्या हातात परत दिली, कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले आणि पाठ त्यांच्यापुढे केली.